पलटणीचं माहेर

कशेडीचा बोगदा सुरू झाला आणि घाटाच्या जुन्या रस्त्याला कोणी विचारेनासं झालं. २०२३च्या गणपतीच्या तोंडावर बोगद्याची एक बाजू चाकरमान्यांसाठी उघडली. तेव्हापासून खेडच्या बाजूने डोंगरात शिरलेली गाडी बघता बघता पोलादपूर तालुक्यात भोगावला बाहेर पडते. वेळ वाचतो, हे खरं. पण रत्नागिरी जिल्हा संपून रायगड कुठे सुरू होतो हे ज्याला अंगाने कळायला हवं, त्याने अजूनही वरूनच यावं. मी मोटरसायकलवर होतो आणि घाई कसलीच नव्हती, म्हणून बोगदा टाळला.

कशेडी बंगल्याशी थांबलो. एके काळी इथे एसट्या, ट्रक, रातराणीच्या गाड्या एकामागे एक लागायच्या. वडे तळणाऱ्याला मान वर करायला सवड नसे. आता टपरीवाल्याने चहा टाकण्याआधी मला दोनदा विचारून घेतलं की खरंच थांबणार ना. खाली दरीत शेतांचे चौकोन, त्यांच्यापलीकडे एकामागे एक डोंगर, आणि वारा असा की हेल्मेट टेबलावर ठेवायची सोय नाही.

मी एका पलटणीच्या मागावर निघालो होतो. त्याआधी बरेच दिवस फ्रेंच पॅराशूट रेजिमेंटांबद्दल वाचत होतो. त्या फौजेत परंपरा फार जपतात. २९ सप्टेंबरला सगळे पॅराशूटवाले त्यांचा रक्षणकर्ता संत मिशेल याचा सण करतात. लाल बेरे टोपीवरचा बिल्ला उजव्या बाजूला लावतात. परदेशी लोकांच्या लिजनमधले पॅराशूटवाले मात्र हिरवी टोपी सोडत नाहीत. बायोनमधल्या पहिल्या मरीन पॅराशूट रेजिमेंटने तर दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश कमांडो पथकाचं ‘जो धाडस करतो तो जिंकतो’ हे ब्रीद फ्रेंचमध्ये करून आजतागायत चालवलं आहे. हे वाचता वाचता वाटलं, आपल्याकडे आकाशातून उतरणाऱ्या पलटणींची कुळकथा काय आहे? शोधायला लागलो, तर कागद आग्रा आणि बंगळुरूहून फिरत फिरत थेट महाड, पोलादपूर, माणगावच्या वाड्यांपर्यंत आले.

टपरीच्या बाकावर एक काका बसले होते. पांढरी मिशी, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि पाठ अशी ताठ की फौजेत होते हे सांगायला नको. मी विषय काढला.

“काका, पॅरामध्ये होता का?”

“मराठामधे भरती झालो, बेळगावला. मंग वालंटियर दिला, आग्र्याला गेलो.”

“म्हणजे पॅराच ना?”

“नाय ओ. पॅरा म्हंजे उडी मारणारा मराठा. तुमी लिवून घ्या.”

लिहून घेतलं. आग्र्याला पाच उड्या पुऱ्या झाल्या की छातीवर पंख मिळतात, त्यातली एक उडी रात्रीची, असं त्यांनी सांगितलं. पहिली उडी सोपी असते, त्यांचं म्हणणं, कारण काय होणार ते माहीत नसतं. दुसऱ्या उडीला माहीत असतं. मरून टोपी मिळाल्यावर रमच्या ग्लासाची कड दातांनी तोडून चावायची, असा एक रिवाज या पलटणींमध्ये सांगतात. त्याबद्दल विचारलं तर ते नुसते हसले आणि त्यांनी आपले दात दाखवले. मला स्वतःला त्या काचेच्या गोष्टीचं फारसं कौतुक नाही. फौजेबाहेरच्या लोकांना चमत्कार आवडतात, म्हणून तेवढीच गोष्ट सगळीकडे फिरते. त्या ‘उडी मारणारा मराठा’च्या मागची गोष्ट जास्त मोठी आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही.

ती अशी. १७९७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत एक पलटण उभी राहिली. पुढे तिला १०वी मुंबई पलटण म्हणू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फौजेचे नंबर बदलले तेव्हा ती ११०वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १९२२मध्ये पुन्हा फेरबदल झाला आणि तिचं नाव पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन, लष्करी लिखाणात ३/५ मराठा, असं पडलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिला पॅराशूट पलटण केलं. स्वातंत्र्यानंतर ती ५०व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर काश्मीरमध्ये लढली. मार्च १९४८मध्ये झांगर परत घेतलं, त्यात ती होती, आणि त्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर महंमद उस्मान त्याच झांगरला ३ जुलै १९४८ रोजी तोफगोळ्याने पडले. मग १५ एप्रिल १९५२ रोजी भारताची पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली. पंजाब, मराठा आणि कुमाऊं अशा तीन रेजिमेंटांकडून एकेक पलटण घेतली. त्यांना १, २ आणि ३ पॅरा म्हटलं. मराठ्यांची तिसरी ती २ पॅरा.

म्हणजे मराठा रेजिमेंट हे तिचं माहेर आणि पॅराशूट रेजिमेंट हे सासर. माहेरचं आडनाव गेलं, पण माणसं बराच काळ तीच राहिली. आज या पलटणीत देशभरातून स्वखुशीने आलेली पोरं असतात, कारण पॅरामध्ये कोणाला नेमून पाठवत नाहीत. स्वतः अर्ज करायचा आणि चाचणीत टिकायचं. पुढे तिला स्पेशल फोर्सेसमध्येही घेतलं. तरी काकांच्या डोक्यात ती अजून मराठाच आहे.

फ्रेंचांकडे याच्या उलट एक गोष्ट आहे. १९६१च्या एप्रिलमध्ये अल्जीरियात काही सेनापतींनी सरकारविरुद्ध बंड केलं. परदेशी लिजनची पहिली पॅराशूट रेजिमेंट त्यात पुढे होती. बंड फसलं आणि महिनाअखेरीला सरकारने ती रेजिमेंटच बरखास्त केली. नाव पुसलं गेलं ते शिक्षा म्हणून. आपल्या पलटणीचं नाव कुणी रागाने पुसलं नाही. फाईल बदलली, नंबर बदलला आणि गावांना कळवायचं राहून गेलं.

काकांचा निरोप घेऊन उतरलो. भोगावच्या अंगाला डोंगर अजून उघडा आहे. जुलै २०२१च्या पावसाने पोलादपूर आणि महाड या दोन्ही तालुक्यांत जे केलं त्याच्या खुणा दरडींवर दिसतात. त्या पावसात दरडीखाली गाडल्या गेलेल्या तळियेचं नाव इथे कोणी मोठ्याने घेत नाही.

पोलादपूरला महामार्ग सोडून आत उमरठला गेलो. तानाजी मालुसऱ्यांचं गाव. तानाजी आणि शेलारमामा, दोघांचीही स्मारकं इथे आहेत. माघ वद्य नवमीला लोक जमतात. सिंहगडावरून तानाजींचा देह मढे घाटाने इथे आणला, अशी परंपरा आहे. घाटाचं नावच ती सांगतं. माझ्या कामाची गोष्ट वेगळी होती. मराठा लाइट इन्फंट्री दरवर्षी ४ फेब्रुवारीला ‘मराठा दिवस’ पाळते. तो दिवस १६७० सालच्या सिंहगडाच्या लढाईचा आहे. इंग्रजांनी उभ्या केलेल्या, इंग्रजी बिगुलाचा बिल्ला लावणाऱ्या रेजिमेंटचा सण पोलादपूरच्या एका सुभेदाराच्या मरणाशी बांधलेला आहे. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय, टेंबलाई माता की जय’ ही तिची आरोळी. इतिहासाच्या शुद्धतेचा आग्रह धरणारे म्हणतील की कंपनीच्या पलटणी मराठ्यांच्याच राज्याविरुद्ध लढल्या होत्या. लढल्या होत्याच. पण सैनिकाला कोणातरी पूर्वजाचं नाव घेऊन चढाई करायची असते. तो पूर्वज त्याने आपल्याच गावातून निवडला, यात मला ढोंग दिसत नाही.

पोलादपुरातून उजवीकडे आंबेनळी घाटाचा रस्ता फुटतो, प्रतापगडाकडे. तिकडे गेलो नाही, पण एक गोष्ट इथेच सांगायला हवी. १९८५मध्ये बेळगावला २१ मराठा अशी नवी पलटण उभी राहिली, आणि १९९६मध्ये तिचं २१ पॅरा, स्पेशल फोर्सेस, असं रूपांतर झालं. तिचं टोपणनाव ‘वाघनख’. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक, जे नोव्हेंबर २०१५मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले, ते याच पलटणीचे. तेव्हा ते मराठ्यांशी जोडलेल्या ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करत होते. माहेर आणि सासर एकाच माणसात, एकाच वेळी.

महाडला सावित्रीच्या पुलावर थांबलो. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री इथला जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्यावरच्या एसट्या, गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. नवा पूल रुंद आहे. गाड्या जोरात जातात. अशा ठिकाणी उभं राहून दुसऱ्या एका पुलाचा विचार करावा का, असं वाटलं, पण पॅराशूट पलटणीची गोष्ट पुलाशिवाय पुरी होत नाही.

१९५६च्या नोव्हेंबरमध्ये सुएझच्या भांडणात फ्रेंच पॅराशूटवाल्यांनी पोर्ट सैदच्या दक्षिणेला रास्वाच्या पुलांजवळ उड्या टाकल्या. गावातून कालव्याच्या कडेने खाली जाणारा रस्ता त्या पुलांवरूनच होता. एक पूल त्यांच्या हाती शाबूत लागला. लढाई थांबल्यावर संयुक्त राष्ट्रांची फौज तिथे गेली, तिच्यातल्या भारतीय तुकडीत सुरुवातीला गेली ती ३ पॅरा, म्हणजे मूळची कुमाऊं पलटण. फ्रेंच पॅराशूटवाले परतले, आपले पॅराशूटवाले गाझाच्या वाळूत पहाऱ्याला उभे राहिले.

आपल्या माणसांना पुलावर उडी टाकायची पाळी पंधरा वर्षांनी आली. ११ डिसेंबर १९७१. पूर्व पाकिस्तानात मैमनसिंग आणि जमालपूरकडून पाकिस्तानची ९३वी ब्रिगेड ढाक्याकडे मागे सरकत होती. ती ढाक्यात पोचली असती तर राजधानीची लढाई लांबली असती. वाटेत टांगाइलजवळ पुंगलीचा पूल होता. तो धरला की रस्ता बंद. दमदम आणि कलाईकुंडाच्या धावपट्ट्यांवरून डकोटा, पॅकेट, कॅरिबू आणि अँटोनोव्ह अशी जवळपास पन्नास विमानं उडाली आणि दुपार कलताना लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांची २ पॅरा उतरायला लागली. माणसं विखुरली, सामान शेतातळ्यांत पडलं. आसपासच्या गावांतले लोक धावत आले, त्यांनी पेट्या उचलून दिल्या. अंधार पडेपर्यंत पूल हातात आला होता. रात्री पाकिस्तानी गाड्यांचा ताफा आला तो थेट त्यांच्या बंदुकांसमोर. मागून आलेल्यांनी पूल परत घ्यायचा प्रयत्न केला, जमला नाही.

उत्तरेकडून जमिनीवरून जी पलटण पाकिस्तान्यांना रेटत येत होती, ती होती १ मराठा, मराठ्यांची ‘जंगी पलटण’. १७६८मध्ये मुंबई बेटाच्या रक्षणासाठी उभी राहिलेली, रेजिमेंटमधली सगळ्यांत जुनी. जमालपूर घेऊन ती धावत खाली आली आणि १२ डिसेंबरला संध्याकाळी पुंगलीच्या पुलावर २ पॅराला मिळाली. आकाशातून आलेली मराठ्यांची जुनी तिसरी आणि चालत आलेली पहिली. त्यांना एकोणीस वर्षांपूर्वी कागदोपत्री वेगळं केलं होतं. या भेटीवर एखादं नाटक सहज व्हायला हवं होतं. मराठी रंगभूमीने ते का केलं नाही कोण जाणे.

त्याला एक गमतीची पुस्तीही आहे. सरकारच्या माहिती अधिकाऱ्यांकडे टांगाइलचा फोटोच नव्हता. त्यांनी आग्र्याच्या एका जुन्या सरावाचा फोटो वर्तमानपत्रांना दिला, ज्यात पूर्ण ब्रिगेड आकाशातून उतरताना दिसत होती. जगाला वाटलं हजारो उतरले. खोटं काही लिहिलं नव्हतं, फक्त ठिकाण लिहिलं नव्हतं. १६ डिसेंबरला सकाळी २ पॅरा मीरपूरच्या पुलाशी पोचली, आणि ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय सैनिकांत तीच होती. पन्नू यांना महावीर चक्र मिळालं.

महाड शहरात मात्र फौजेचा विचार एवढ्यावर थांबत नाही. चवदार तळ्याकडे जाताना आठवतं की मुंबई फौजेच्या जुन्या पलटणींत महार शिपाई मोठ्या संख्येने असत. १८९२मध्ये सरकारने त्यांची भरती बंद केली. ‘लढवय्या जाती’ नावाची एक इंग्रजी कल्पना होती, तिच्या हिशेबात ते बसेनासे झाले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी या बंदीविरुद्ध अर्ज लिहिले. मार्च १९२७मध्ये डॉ. आंबेडकरांनी इथे तळ्याचं पाणी घेतलं, तेव्हा जमलेल्यांत फौजेची पेन्शन घेणारे होते, पलटणीत शिस्त शिकलेले. महार रेजिमेंट पुढे १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावलाच उभी राहिली. ११०व्या मराठ्यांची कुळकथा सांगताना ज्यांना त्या कुळातून मध्येच बाहेर काढलं, त्यांची गोष्ट सोडून देणं बरं नाही. पलटणीच्या परंपरांच्या चकचकीत पुस्तकांत ती सहसा नसते.

महाड तालुक्यातच आत डोंगरात फौजी आंबवडे आहे. नावातच सगळं आलं. घरटी एक माणूस फौजेत, अशी त्याची ख्याती पहिल्या महायुद्धापासूनची. ओसरीवर गणवेशातले फोटो, कपाटात मेडलं, अंगणात क्रिकेट सोडून धावण्याची वेळ मोजणारी पोरं. एका घरी आजींनी पाणी दिलं. “आमच्या सासऱ्यांचे वडील बसऱ्याला गेले ते आले नाहीत,” म्हणाल्या. कुठल्या पलटणीत होते? “मराठ्यात.” नंबर? तो कोणाला माहीत नव्हता.

बसरा म्हटलं की या भागात मेसोपोटेमिया समजायचं. ११०वी मराठा जनरल टाउनशेंडच्या फौजेत होती. १९१५च्या डिसेंबरमध्ये तुर्कांनी ती फौज कुतमध्ये कोंडली. १४७ दिवस. धान्य संपत आलं, घोडे कापायला लागले. हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे घोड्याचं मांस तोंडात घेतलं नाही, आणि जीवनसत्त्वांच्या अभावाने त्यांच्या हिरड्या फुटल्या. २९ एप्रिल १९१६ला सुमारे तेरा हजार लोकांनी शरणागती दिली. मग वाळवंटातून कैद्यांचा पायी प्रवास. त्यात किती मेले त्याचा हिशेब गावांना कधी नीट मिळाला नाही.

कोकणात अनेक गावांत एक संगमरवरी पाटी असते. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९च्या युद्धाला गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत, एवढंच. आकडा असतो, नाव नसतं. इराकमधल्या बसरा स्मारकावरही तेच केलं. ब्रिटिशांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणीनुसार फक्त आकडा. इंग्रज अधिकारी मराठा शिपायाला प्रेमाने ‘गणपत’ म्हणत, असं लिहिलेलं सापडतं. प्रेम असेलही. पण सगळ्यांना एकच नाव दिलं की कोणाचंच लिहावं लागत नाही.

शेवटचा मुक्काम माणगाव. तहसील कचेरीशी नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. ते याच तालुक्यातल्या पळसगाव-आमडोशीचे. १० जुलै १९४४ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन चालली. सोबतचे सगळे पडले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले, हातबॉम्ब टाकून ती गन गप्प केली, एकाला गोळी घातली. टॉमीगन रिकामी झाली आणि दुसरी गोळ्यांची पट्टी लावायला वेळ नव्हता, तेव्हा तिची नळी धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय बावीस. देह मिळाला नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०२३मध्ये इटलीतल्या मोंतोने गावच्या लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यतबकडीचं स्मारक उभारलं. माणगावहून गोव्याला जाणाऱ्या किती गाड्या या पुतळ्यापाशी थांबतात, ते पाहायला मी बराच वेळ बसलो. एकही थांबली नाही.

घाडगे ज्या पलटणीत होते ती ३/५ मराठा. म्हणजे कुतला उपाशी राहिलेली ११०वी, झांगरची तिसरी मराठा, आणि टांगाइलला उतरलेली २ पॅरा.

महाड, पोलादपूर, माणगाव, खेड या भागात ज्यांचं मूळ घर आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद किंवा कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं मेडल असेल, तर ते भंगारात घालू नका. त्यावर ११० असेल, ३/५ असेल, ३ मराठा किंवा २ पॅरा असेल, तरी ती एकच पलटण आहे. नंबराबरोबर माणसाचं पूर्ण नाव आणि गाव एका वहीत उतरवून ग्रामपंचायतीत द्या. त्या पाट्यांवर आकड्यांच्या शेजारी अजून पुष्कळ जागा आहे.